पंधराव्या ओळीवरची खूण

मे महिना. परसोडीच्या आयटी पार्कात
एसी बंद पडलेला, आणि मी
हेडाऊंच्या कूलरांची यादी
बोटाने वर-खाली ढकलतेय.

तीनशे बारा कूलर भाड्याने गेलेले,
तीनशे बारा ओळी.
प्रत्येकीत एक नाव, एक मोहल्ला,
उजव्या टोकाला खुणेची जागा.
उईके जाऊन आला, पंप बघितला,
ताट्या बदलल्या, की बोट टेकवायचं.
ओळ क्षणभर राखाडी, मग हिरवी टिक.
एवढंच तर काम होतं.

मंगळवारी दुपारी नंदनवनहून फोन.
बाईंचा आवाज भाजलेला.
"तुमच्या मोबाइलात झालं म्हणून लिहून आहे म्हणे.
माझ्या घरी तं कुत्रं बी नाही फिरकलं.
बाळ घामोळ्यानं लाल होऊन राहिलं इथं."
उईके शपथेवर सांगत होता,
"म्या महालच्यालेच टच केलं मॅडम, तीन नंबरले.
पंधराले हात बी नाई लावला."

खरं होतं त्याचं.

पडद्यावर मावतात बारा ओळी.
तीनशे बारा कोण घडवत बसतं?
वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ
खालून पुन्हा येते, नवं नाव लावून.
नाव बदललं होतं मी, पत्ता बदलला होता,
खूण पुसायची राहिली.
महालची टिक तशीच अंगावर घेऊन
ती नंदनवनात पोचली
आणि म्हणाली, झालं.

हेडाऊंना हे कसं सांगावं, म्हणून
सक्करदऱ्याच्या गोदामात गेले.
पत्र्याखाली उरलेले कूलर, पाठीला पाठ लावून,
ओल्या वाळ्याचा वास, गंजक्या पंपांचा ढीग.
मी 'सेल' म्हणाले,
ते टॉर्चचा सेल समजले.
मग त्यांनीच एका कूलरच्या कुशीवर बोट ठेवलं.
खडूनं लिहिलेलं: ठवकर, मानेवाडा.
"हा अवंदा जाते जरीपटक्याले.
नाव न पुसता धाडला, तं पोरं
मानेवाड्यालेच नेऊन टाकतीन. असंच न?"

असंच.
चार वर्षं शिकून मला हे इतकं नीट आलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या एकावर स्केचपेननं सूर्य,
खाली 'आर्वी, पहिली ब'.
फडकं हातात होतं त्यांच्या.
"थो राहू द्या," म्हणाले, आणि पुढच्याकडे वळले.

रात्री बसले.
ओळ पुन्हा वापरायला घेताना
आधी तिला कोरी करायची.
आणि कोणाचं झालं, कोणाचं राहिलं,
हे ओळीला विचारायचंच नाही,
ती बिचारी नुसती पाटी.
ते वेगळ्या वहीत, माणसाच्या नावापुढे.
नंबरापुढेसुद्धा नाही, कारण यादी उलटली
की नंबर दुसऱ्याचा.

अजून एक बारीक होतं. ओळ उघडून
आत जाऊन परत आलं,
तरी ती राखाडीच राहायची,
कोणीतरी "थांब, आलोच" सांगून
बर्डीवर उभं करून गेल्यासारखी.
तिलाही सोडवलं.

मग तीन वाजेपर्यंत वर-खाली, वर-खाली.
तिसरी हिरवी. पंधरावी कोरी.
सत्ताविसावी कोरी, एकोणचाळिसावीसुद्धा.
म्हणजे तिथेही होती ती खोटी टिक,
आणि तिथल्या लोकांनी
फोनही केला नव्हता.
त्या दोन नावांकडे मी बराच वेळ बघत राहिले.
सकाळी आधी उईकेला तिकडेच पाठवलं.

दुपारी पुन्हा नंदनवन.
"आला होता तुमचा माणूस. कूलरच बदलून देल्ला.
पण पंखा उलटा फिरते हो,
सारी हवा गल्लीत."
मग जरा थांबून,
"अन् हे आर्वी कोण?"

पंधराव्या ओळीवर बोट टेकवलं.
टिक निघाली.
तिसरी जागची हलली नाही.